तळ्यातलं इंजन अंगणात

हिरेवाडीच्या ईरण्णाला पोहता येत नव्हतं, आणि तरी तो पाच वर्षं जागीरदारांच्या मोटारबोटीवर नोकरीला होता. आपली चाकरी इंजनाची, पाण्याची नव्हे, असं तो म्हणायचा. बोट तळ्याच्या मधोमध गेली की मात्र त्याचा एक हात इंजनावर आणि दुसरा काठाच्या फळीवर घट्ट असायचा. उमरग्यापासून चार कोसांवर हे गाव, गावाबाहेर जागीरदारांचं मोठं तळं, आणि हिवाळ्यात त्या तळ्यावर उतरणारी बदकं. त्या बदकांच्या शिकारीसाठी मुंबईहून बोट आली होती, रेल्वेनं सोलापूरपर्यंत आणि पुढं दोन बैलगाड्या जोडून. सोलापूरच्या कापडगिरणीत फिटरच्या हाताखाली चार वर्षं काढलेला गावात एकच माणूस होता, म्हणून ईरण्णा इंजनवाला झाला.

बोटीचं इंजन मोठं आरामात असतं. एका नळीनं तळ्यातलं पाणी ओढायचं, आपल्या पोटाभोवतीच्या पोकळीतून फिरवायचं, आणि तापलेलं पाणी दुसऱ्या नळीनं तळ्यात सोडून द्यायचं. अख्खं तळं त्याच्या दिमतीला. पण एका हिवाळ्यात त्या ओढणाऱ्या नळीत शेवाळ अडकलं. लोखंड तापून धुरकटलं, आणि ईरण्णा नको नको म्हणत असताना एका पाहुण्यानं घाबरून बादलीभर गार पाणी त्याच्यावर ओतलं. टण्ण असा आवाज झाला आणि इंजनाच्या कुशीला वीतभर फट पडली. जागीरदारांचा बोटीवरचा जीव त्याच दिवशी उडाला. बोटीच्या फळ्या कुणीकुणी नेल्या, इंजन तबेल्याच्या कोपऱ्यात पडलं आणि ईरण्णा कुदळी-नांगराचे फाळ नीट करत घरी बसला. हे झालं दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या साली.

लढाई चालू असताना, एका कार्तिकात त्याच्या घरी तिसऱ्यांदा आशेचा दिवा लागला. बायकोला, सिद्धम्माला, तिसरा महिना होता. आधीची दोन पोरं सहावा सरून सातवा लागता लागता गेली होती. दुसऱ्या वेळी तर सिद्धम्मा महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. भाकरी थापायची, वाढायची, आणि भिंतीकडं तोंड करून निजायची. ईरण्णाला लोखंडाचा आजार कळायचा, हा कळत नव्हता. तो आपला तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, तिनं न पिता सकाळी तो तसाच असला तरी.

या खेपेला सुईण गजराबाई पोट चाचपून झाल्यावर स्पष्ट बोलली. "रोज पहाटं उठून वाकून जातं वढतीस. पोटातलं टिकंल कसं? आता खुंट्याला हात लावायचा न्हाय. बाळंत हुईस्तवर न्हाय. लावलास तर मला बलवू नगं."

मग दळायचं कुणी? घरात माणसं तीन. सिद्धम्माला मनाई झाली. सासू शिवम्माच्या मनगटाचे सांधे सुजून लिंबाएवढे झाले होते. तिसऱ्याचं नाव कुणी घेतलंच नाही, कारण तो पुरुष होता. माहेरी जावं तर सिद्धम्माला आई नव्हती. शेवटी शेजारची जगदेवी म्हणाली, "सुगीपत्तर म्या दळून देते. सुगी लागली की मलाच श्वास घ्याया सवड न्हाय." सुगी म्हणजे माघ-फाल्गुन. हिशेब सरळ होता. ज्या महिन्यात दोनदा घात झाला, नेमक्या त्याच महिन्यात जातं पुन्हा सिद्धम्माच्या गळ्यात येणार होतं.

ईरण्णानं दोन दिवस जागीरदारांच्या वाड्याभोवती घिरट्या घातल्या. तिसऱ्या दिवशी तबेल्यात जाऊन कारभाऱ्याला म्हणाला, "ते इंजन मला द्या. म्या दळणाची चक्की लावतो."

"घेऊन जा बाबा," कारभारी म्हणाला, "घोड्याला जागा तरी हुईल."

अशा रीतीनं तळ्यातलं इंजन ईरण्णाच्या अंगणात आलं. घराच्या पडवीत पोती अंथरून त्यानं ते सबंध खोललं. आतून वाळलेला चिखल निघाला, गोगलगायींचे शंख निघाले, आणि एक बेडूक निघाला, तो केव्हाचा मेलेला. प्रत्येक तुकडा रॉकेलनं पुसून तो पोत्यावर मांडायचा आणि सिद्धम्मा भिंतीला टेकून बघत बसायची. तिला बसवत नव्हतं. ज्या बाईला जन्मात रिकामं बसायची सवय नाही, तिला बस म्हणणं हीच शिक्षा. मग ईरण्णानं तिच्या हातात इंजनाच्या झडपा दिल्या. झडप म्हणजे लोखंडाची छत्री. तिच्या कडेला कुरुंदाची पूड आणि तेल लावायचं आणि आपल्या जागेवर ती गरगर घासायची, इतकी की हवा सुटायला केसाएवढी वाट राहता कामा नये. सिद्धम्मानं ते काम असं केलं की सोलापूरच्या फिटरनं पगार दिला असता.

शिवम्मा पडवीतून जाता-येता म्हणायची, "दळू नगं म्हणलं तर बया लोखंड दळाया बसली!"

त्या दोन महिन्यांत नवराबायको जेवढं बोलली तेवढं लग्नाच्या नऊ वर्षांत बोलली नव्हती. बोलणं इंजनाचंच असायचं. ही नळी कुठली, ती कुठं बसती, एवढंच. पण पोटातल्याबद्दल बोलायची दोघांनाही भीती होती, आणि माणसाला जे बोलता येत नाही ते तो नळ्यांबद्दल बोलतो. ईरण्णाला बायको आवडायची. खूप आवडायची. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं असतं हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

खरी अडचण त्या फटीची होती. ईरण्णानं डोकं लढवलं. जागीरदारांच्या तळ्याचा बांध चुना, गूळ आणि बेलाचा गर यांच्या गाऱ्यानं बांधलेला; शंभर वर्षांत थेंब गळला नव्हता. जे तळ्याला चाललं ते तळ्यातल्या इंजनाला का चालू नये? त्यानं तसलाच गारा करून फट बुजवली, आठ दिवस वाळवली, आणि मोठ्या दिमाखात इंजन फिरवलं. पाव घटकेत लोखंड तापलं, गूळ वितळला, आणि सगळ्या गल्लीत काकवीचा घमघमाट सुटला. शेजारची पोरं ताटल्या घेऊन आली. संध्याकाळपर्यंत इंजनावर मुंग्यांची रांग लागली. शिवम्मानं त्या दिवशी पोट धरून हसून घेतलं. सिद्धम्माही हसली, आणि तिला हसताना बघून ईरण्णाला आपली फजिती फुकट गेली असं काही वाटलं नाही.

पण फट उघडी होती आणि मार्गशीर्ष संपत आला होता. त्या आठवड्यात भांड्यांना कल्हई लावणारे महेताबसाब गावात आले. त्यांनी मुंग्या पाहिल्या, बोट लावून चव घेतली आणि म्हणाले, "ईरण्णा, ये हलवाई का काम है. लोहे कू लोहाच पकडता. लोहे का भुस्सा लेव, नवसागर डालो, जरासी गंधक. भिगाके फट में ठोको. आठ दिन हात नक्को लगाव. जंग चढके पत्थर हो जाता." कल्हईचा नवसागर त्यांनी आपल्याच पिशवीतून काढून दिला. ईरण्णानं कानस घासून घासून लोखंडाचा भुसा केला, फटीत ठासला, आणि आठ दिवस कोंबडीनं अंडी उबवावीत तसा राखला. नवव्या दिवशी फट दगडासारखी बंद होती.

दरम्यान पाथरवटानं चक्कीचे दगड घडवले. जुन्या ओळखीनं सोलापुरातून चामड्याचा पट्टा आला. रॉकेलच्या परवान्यासाठी तहसिलीत सात खेपा झाल्या; सरकारी कारभार उर्दूत, म्हणून अर्जात 'किश्ती का इंजन', म्हणजे बोटीचं इंजन, असं वाचून तिथला कारकून दर वेळी विचारायचा की मग किश्ती कुठंय.

आता राहिलं पाणी. इंजन आलं अंगणात, पण तळं कसं आणायचं? ईरण्णानं कडुनिंबाखाली दगडी हौद केला, आडातून कावडीनं पाणी वाहून भरला, दोन्ही नळ्या त्यात सोडल्या आणि इंजन लावलं. अर्ध्या घटकेत हौदाचं पाणी आंघोळीसारखं झालं, घटकाभरात त्याला वाफा आल्या. तेच गरम पाणी इंजन पुन्हा पुन्हा पीत होतं, आणि गरम पिऊन कुणाचा दाह शमला आहे? पाणी बदलत राहावं तर दिवसाला साठ कावडी लागल्या असत्या. ईरण्णा हौदाच्या कडेला डोक्याला हात लावून बसला. पौषातले थोडे दिवस उरले होते.

सिद्धम्मानं त्याच्यासाठी दूध आणलं होतं. ते कडकडीत होतं म्हणून ती उभ्या उभ्या एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओतत होती, वरून खाली, लांब धार करून. चार वेळा ओतलं आणि पेला त्याच्या हातात दिला. ईरण्णानं दूध पिऊन टाकलं आणि रिकाम्या पेल्याकडं बघत राहिला.

"काय झालं? साय हाय का?"

"ते पुन्ना कर."

"काय करू?"

"वतून दाव. वरनं खाली."

तिनं रिकाम्याच पेल्यांनी हात वर करून दाखवलं, आणि तिलाही तेव्हाच कळलं. दोघं एकमेकांकडं बघून लहान मुलांसारखी हसली.

दुसऱ्या दिवशी ईरण्णानं कडुनिंबाच्या फांदीला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा टांगला आणि त्याच्याखाली तुरीच्या काड्यांच्या, म्हणजे तुराट्यांच्या, एकाखाली एक सात आडव्या ताट्या बांधल्या. इंजनातलं तापलं पाणी डब्यात चढायचं, थेंब थेंब होऊन तुराट्यांवरून झिरपत खाली यायचं, वाटेत वारा त्याचा ताप काढून घ्यायचा, आणि हौदात पडेपर्यंत ते निवलेलं असायचं. सिद्धम्माला त्यानं नवं काम दिलं. हौदात हात घालून दहापर्यंत मोजायचं. हात टिकला तर इंजन चालू द्यायचं, पोळला तर हाक मारायची.

माघ लागता लागता चक्की सुरू झाली. पहिलं दळण घरचं पडलं. सिद्धम्मानं त्या पिठाची भाकरी केली, ती इतकी गोल आणि पातळ झाली की शिवम्मानं आधी देवापुढं ठेवली. मग गाव लोटलं. पाच-पाच गावच्या बाया टोपल्या घेऊन रांगेला बसू लागल्या, आणि ईरण्णा पांढऱ्या भुवयांनी हिंडू लागला. जगदेवी सुगीला गेली. सहावा महिना सरला. गजराबाई पोटाला हात लावून म्हणायची, "खेळतंय." ईरण्णा कान तिकडं आणि डोळे इंजनाकडं ठेवायचा.

फाल्गुनाच्या सुरुवातीला एका दुपारी सिद्धम्मानं हाक मारली नाही, कारण हौदातलं पाणी गारच होतं, आणि तरी इंजन तापलं. वास आला तेव्हा ईरण्णा धावला. रांगेतल्या एका भल्या माणसानं बादली उचललीच होती. ईरण्णानं त्याचा हात असा धरला की पुढं दोन दिवस त्या माणसाला दंडाला तेल लावावं लागलं. "पानी नगं! आपल्या आपण निवू द्या!" तो ओरडला, आणि संध्याकाळपर्यंत तापल्या लोखंडाजवळ कुणाला फिरकू दिलं नाही.

सकाळी खोललं तर पोकळीत पांढरा खार बसलेला, बोटभर जाड. आडाचं पाणी जड. तुराट्यांवरून पाणी उडून जायचं आणि त्यातला खार मागं राहायचा. त्यात रोज नवं पाणी, नवा खार. पाण्याला आत जायला वाटच उरली नव्हती. सिद्धम्मा दर आठवड्याला न्हाणीतला हंडा असल्याच खारासाठी चिंचेनं घासायची. तिला विचारलं असतं तर तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण दुधाचं त्याला आपसूक दिसलं होतं. विचारायची बुद्धी ईरण्णाला अजून यायची होती.

"चिच्चंचं पानी भरून ठिवा," ती म्हणाली. "निघंल. पर सावकाश निघंल."

पंधरा दिवसांचं काम होतं. पीठ दोन दिवसांचं होतं. सुगी रानात तोंडापर्यंत आली होती, दळून द्यायला गावात एक बाई मोकळी नव्हती.

तिसऱ्या दिवशी उजाडताना ईरण्णाला घरघर ऐकू आली. अर्धवट झोपेत त्याला वाटलं, इंजन लागलं. मग तो ताडकन उठून बसला.

सिद्धम्मा जात्यावर होती. एक पाय लांब, पोट सांभाळून बाजूला वाकलेली, आणि खुंट्यावर दोन्ही हात.

"ऊठ," ईरण्णा म्हणाला.

"पीठ सरलंय."

"ऊठ म्हणतो ना."

"मग खायाचं काय? लई न्हाय वो, शेरभर दळते."

तिच्या कपाळावर घाम होता. सातवा महिना होता. ईरण्णा जात्याच्या पलीकडं मांडी घालून बसला आणि त्यानं तिच्या हातांवरून खुंटा धरला. दोघांनी मिळून एक फेरा घेतला. मग तिनं आपले हात हळूच काढून घेतले.

जातं त्याला वाटलं होतं त्याहून जड होतं. नऊ वर्षं रोज सकाळी ही घरघर कानावर घेऊन तो कुशी बदलून झोपला होता. पहिल्या दहा फेऱ्यांत त्याचा खांदा भरून आला. शिवम्मा जागी झाली, तिनं दारात येऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"ईरण्णा! अरं, बापयमानूस जात्यावर? निदान दार तर लाव!"

"ऱ्हाऊ दे उघडं, अव्वा. उजेड पायजे मला."

बाहेरून रानात जाणाऱ्या बाया थबकल्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. ईरण्णाचे कान तापले, पण हात थांबला नाही. सिद्धम्मा भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "चार म्हयनं इंजन खोललं, जोडलं, मुंग्या बोलावल्या. ह्ये आधीच केलं असतं तर?"

"सुचलं न्हाय."

"सुचलं न्हाय का धीर झाला न्हाय?"

ईरण्णानं जात्यात मूठभर जोंधळे घातले. "धीर झाला न्हाय," तो म्हणाला.

नवऱ्याचं नाव उखाण्याबिगर तोंडातून काढायचं नाही ही आपल्याकडची रीत, आणि सिद्धम्मा रीतीला पक्की. पण जातं मुकं फिरू द्यायचं नाही हीही रीतच आहे. तिनं डोळे मिटले आणि बारीक आवाजात ओवी धरली:

आज जात्यावरी   न्हाई माझा हात गं
दळितो ईरण्णा   म्या देते साथ गं

ईरण्णा मान खाली घालून दळत राहिला. आपलं नाव इतकं चांगलं आहे हे त्याला पस्तिसाव्या वर्षी कळलं. बाहेरच्या बाया हसायच्या विसरल्या. शिवम्मा पदराआड तोंड करून थोडा वेळ उभी राहिली, मग येऊन लेकाच्या शेजारी टेकली आणि रागानंच म्हणाली, "मूठभर कशाला कोंबतोस? दोन-दोन चिमटी घाल. भरड येतंया."

पंधरा दिवस तो दळत होता. पारावर त्याला 'ईरण्णाबाई' म्हणून झालं. एकानं बांगड्या भरायला कासाराला बोलवू का विचारलं. ईरण्णा म्हणाला, बोलव, पण मापं तुझ्या बायकोकडून घे, रोज दळणारीचा हात केवढा असतो ते तुला तरी कळंल. भाकरी जाडसर आणि फुटकी व्हायची. सिद्धम्मा ती ताटात घ्यायची आणि कण न सांडता खायची. मग चिंचेनं खार सोडला, इंजन पुन्हा लागलं, आणि दर सोमवारी पोकळीत चिंचेचं पाणी भरायचा नेम सुरू झाला. आठवा महिना आला, आणि गेला.

वैशाखातल्या एका सकाळी सिद्धम्माला कळा लागल्या. रांगेत वीस टोपल्या होत्या. ईरण्णानं इंजन बंद केलं. आवाजाचा तिला त्रास नको, एवढंच तो म्हणाला, आणि बाया मुकाट्यानं टोपल्या उचलून झाडाखाली जाऊन बसल्या. आत गजराबाई आणि शिवम्मा. दार लागलं. ईरण्णा पडवीत उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. या कामात ठोकायचं, घासायचं, जोडायचं काही नव्हतं. शेवटी तो जात्याशी बसला आणि दळू लागला. आतून सिद्धम्माचा आवाज आला की तो जोरानं ओढायचा, ती गप्प झाली की त्याहून जोरानं.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा गजराबाई हात पुसत बाहेर आली. "पोरगी झाली," ती म्हणाली. "भरल्या दिसांची हाय, वजनदार. दोघीबी खुशाल."

ईरण्णा दळतच होता. तिला वाटलं ऐकलं नसेल, म्हणून ती जवळ आली, आणि तिच्या लक्षात आलं की जात्यात दाणा नाही. सूप केव्हाच रिकामं झालं होतं. दगडावर दगड फिरत होता.

"अरं लेकरा, रिकामं जातं फिरवू न्हाय. सोड आता."

"सुटंना," ईरण्णा म्हणाला.

गजराबाईनं खाली बसून त्याची बोटं खुंट्यावरून एकेक करून सोडवली. पाचवं बोट सुटलं तसा तो तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडला. आत पोरगी रडत होती, ती त्याच्याहून मोठ्यानं.